चढ आला की चालायचं

साठी उलटलेला माणूस पहाटे उठून टेकडीवर पळायला लागला, की घरच्यांना आधी वैराग्याची शंका येते. मग बुटांचं बिल येतं आणि शंका फिटते.

आमच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झाले आणि वेताळ टेकडीवर सुखाने फिरू लागले. कानटोपी, काठी आणि तोंडी व्याजदर. सगळं बरं चाललं होतं. मग 61व्या वर्षी भाच्याने त्यांना मोबाइलवर मों ब्लाँची शर्यत दाखवली. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश, सुमारे 170 किलोमीटर अंतर आणि 10 हजार मीटरच्या आसपास चढण. काकांच्या नजरेत यातलं काहीच भरलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की चढ लागला की भलेभले पट्टीचे धावपटू गुडघ्यांवर हात टेकून चक्क चालत होते.

"अरे, हे तर मला येतंच!" काका म्हणाले.

रस्त्यावर पळताना चाललात तर तुम्ही दमलात. डोंगरात चाललात तर ते डावपेच. उतारवयात या खेळाकडे वळणाऱ्या बहुतेकांना खरी भुरळ याची पडते, असं माझं मत आहे. निसर्गाचं नाव नंतर येतं.

मग खरेदी झाली. काका आता टेकडीच्या पायवाटेला 'ट्रेल' म्हणतात. पायवाटेला जुनी चप्पल चालायची, ट्रेलला 12 हजारांचे बूट लागले. बुटांच्या तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात. पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिची नळी थेट तोंडाशी. पहाटेच्या अंधारात लांबून पाहिलं, तर अतिदक्षता विभागातून सलाइनसकट पळून आलेला पेशंट वाटतो. शिवाय घड्याळ. 220 मधून वय वजा केलं की नाडीची कमाल मर्यादा मिळते, हा ढोबळ हिशेब काकांनी पासबुकासारखा मनावर घेतलेला. म्हणजे 159. पहिल्याच दिवशी हनुमान टेकडीच्या अर्ध्या चढावर घड्याळाने 171 दाखवले. जन्मभर दुसऱ्यांचे ओव्हरड्राफ्ट मंजूर केलेला माणूस स्वतःचा पाहून मटकन दगडावर बसला.

"फौजासिंग 2000 साली लंडन मॅरेथॉन धावले, तेव्हा 89 वर्षांचे होते," हे वाक्य ते अशा प्रत्येक बैठकीत म्हणतात. माझ्याकडे बघून. मी 43चा आहे.

एका रविवारी मला सिंहगडावर नेलं. आतकरवाडीच्या वाटेने चढण जवळजवळ 600 मीटरची. काका वाटभर शिकवत होते: पाऊल छोटं टाक, नजर पायाशी नको, तीन पावलं पुढे ठेव. तेवढ्यात डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेल्या एक मावशी साध्या स्लिपरवर आम्हाला मागे टाकून गेल्या. पुढच्या वळणावर थांबून त्यांनी काकांना नीट न्याहाळलं.

"आजोबा, कुणी मागं लागलंया का?"

वर गेल्यावर त्यांच्याकडचंच दही घेतलं. पिठलं-भाकरी आणि दोन प्लेट भजीही झाली. किती कॅलरी जळल्या हे काकांनी घड्याळात पाहिलं. भज्यांचा हिशेब ठेवायची सोय त्यात नव्हती, याचं त्यांना समाधान वाटलं.

खरी गंमत उताराला. चढाला दम लागतो, पण तो जागच्या जागी परत मिळतो. उतारावर प्रत्येक पावलाला मांड्यांना ब्रेक लावावा लागतो; स्नायू ताणला जात असतानाच शरीर तोलून धरतो आणि त्याची वसुली दोन दिवसांत सुरू होते. काकांना उतारावर मात्र तारुण्य आलं. दहा-पंधरा ढांगा ते खरोखर सुंदर पळाले, हे मला कबूल केलंच पाहिजे. मग सुट्या मुरमावरून बूट सटकले आणि 12 हजारांचे दात आकाशाकडे झाले. मी धावत गेलो. कोपर सोललं होतं. काकांनी डोळे उघडून पहिलं काम केलं ते घड्याळ थांबवायचं.

मंगळवारी ते जिना उलटे उतरताना दिसले. कठड्याला धरून, पाठ खाली करून, एकेक पायरी. "असंच उतरायचं असतं," म्हणाले.

तरी पुढच्या रविवारी गडी पुन्हा टेकडीवर. मी साडेसातला दूध घेऊन परत येत होतो, तर काका पार्किंगमध्ये दोन मोटारींभोवती गोल गोल पळत होते. वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिलेला.

"काका, काही हरवलं का?"

"6.94 झालेत," काका धापा टाकत म्हणाले. "7 पुरे करतोय."

तेवढ्यात घड्याळाने बारीकसा सूर काढला आणि पडदा काळा झाला. चार्जिंग संपलं होतं. काका जागच्या जागी थांबले, मनगट कानाशी नेऊन हलवलं. मग माझ्याकडे वळले.

"अरे, तू पाहिलंस ना मला पळताना?"