राक्षस मेला, वाद उरला

पॅलाडिन म्हणजे देवाच्या नावाने तलवार उचललेला व्रतस्थ योद्धा. तो गॉब्लिनांच्या गुहेत शिरतो. लढणारे गॉब्लिन मारून झालेले असतात आणि आतल्या खोलीत त्यांची रडणारी पोरं सापडतात. आता व्रतस्थाने काय करायचं? गॉब्लिन नावाचा प्राणी जगात नाही, त्यामुळे त्याची पोरंही नाहीत. तरी या प्रश्नावर, एरवी शेजाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा न दुखावणारी माणसं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून, सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाची अक्कल काढत असतात. जुन्या नियमांप्रमाणे पाप घडलं तर पॅलाडिनची दैवी शक्ती जाते, म्हणून प्रश्न अगदीच पोकळ नाही. पण जागरणाइतका भरीवही नाही.

ही मंडळी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या गोतावळ्यातले खेळ खेळणारी. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर. तो सांगतो, 'समोर दार आहे आणि दारामागून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय.' बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर सोडतात. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांचा रविवार जुळेनासा झाला की खेळ संपतो. जिंकण्याची सोयच नसलेल्या खेळाच्या चाहत्यांनी ती हौस वादात भागवून घ्यावी, याचं मला तरी नवल वाटत नाही.

भांडणाचं बी पहिल्याच पेटीत होतं. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला. तीन बारीक पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या एक हजार प्रती. नियम इतके त्रोटक की मधल्या जागा ज्याने त्याने आपल्या बुद्धीने भरायच्या. मे महिन्यात मामाच्या घरी मेंढीकोट खेळलेल्यांना पुढचं सांगायला नको. एका घरात बंद हुकूम, दुसऱ्या घरात कट हुकूम, आणि परगावची मावसभावंडं आली की पहिला तास पत्ते न वाटताच जायचा. अमेरिकेतही तसंच झालं. प्रत्येक गावाचा खेळ वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटायचा.

मग गायगॅक्सने 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीची जाडजूड पुस्तकं काढली आणि नियतकालिकातून ठणकावलं की नियम मनासारखे बदलणारा माणूस हा खेळ खेळतच नाही, दुसरंच काहीतरी खेळतोय. आधी स्वतःच लोकांना जागा भरायला सांगायचं आणि भरल्यावर रागवायचं, हे जरा वडीलधाऱ्यांसारखंच झालं. त्यातच १९७९मध्ये आर्नेसनने मानधन आणि श्रेयावरून गायगॅक्सच्या कंपनीवर खटला भरला. तो १९८१मध्ये तडजोडीने मिटला. खेळाच्या जन्मदात्यांचीच ही गत, तर चाहत्यांना काय बोल लावणार?

इंटरनेटच्या आधी भांडणं टपालाने चालत. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी १९७५पासून 'अ‍ॅलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं नियतकालिक चालवलं. वाचकच आपापली पानं लिहून पाठवत, गोल्ड ती एकत्र बांधत आणि अंक सगळ्यांकडे रवाना होई. एखाद्याने तुमच्या जादूगाराला मूर्ख म्हटलं तर त्याला फाडून खाणारं उत्तर पुढच्या अंकात. तोवर महिना गेलेला. महिनाभर राग टिकवायचा म्हणजे अंगात मोठी चिकाटी हवी. ती असणारेही होतेच, पण निदान मधल्या काळात ते जेवत-झोपत तरी असतील.

शांततेचे प्रयत्नही झाले. १९८०मध्ये ग्लेन ब्लॅको यांनी 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकात सुचवलं की खेळणाऱ्यांच्या आवडी मुळात चार प्रकारच्या असतात. कुणाला डावपेच लढवायचे असतात, कुणाला पात्राची ताकद वाढवायची असते, कुणाला पात्र जगायचं असतं, कुणाला गोष्ट हवी असते. म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी कुणीच चूक नाही, त्यांना वेगवेगळी मजा हवी आहे, इतकंच. इतकं शहाणपणाचं वाक्य ऐकल्यावर माणसांनी गप्प बसायला हवं होतं. ती बसली नाहीत. प्रकार चार की तीन, कुठला वरचा, आणि समोरचा नेमका कुठल्या हलक्या प्रकारात मोडतो, यावर पुढची कित्येक वर्षं रणं माजली.

खरी महायुद्धं मात्र आवृत्त्यांची. जुन्या नियमांत चिलखत जितकं भक्कम, तितका त्याचा आकडा लहान. उणे दहा म्हणजे जवळजवळ अभेद्य. त्यामुळे घाव बसला की नाही हे 'थॅको' नावाच्या आकड्यातून वजाबाकी करून काढावं लागे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटवलं आणि साधी बेरीज आणली. निम्म्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उरलेल्यांना वाटलं की वजाबाकी गेली, आता पोरांना वळण कसं लागणार.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत 'वॉरलॉर्ड' नावाचं पात्र आलं. तो रणांगणात नुसता ओरडून सोबत्याचा जोम परत आणतो. झालं! ओरडण्याने तुटलेला हात चिकटतो का, म्हणून एक पक्ष उठला. दुसरा म्हणाला, अहो, खेळातले प्राणांक म्हणजे नुसतं हाडामांसाचं माप नव्हे, त्यात हिंमत आहे, नशीब आहे. गंमत अशी की प्राणांकांत कसब, नशीब आणि दैवी कृपाही येते, हे खुद्द गायगॅक्सने १९७९च्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं. पण ग्रंथात उत्तर आहे म्हणून भांडण थांबल्याचं मी तरी कुठल्याच पंथात पाहिलेलं नाही. शेवटी २००९मध्ये पायझो या प्रकाशनसंस्थेने तिसऱ्या आवृत्तीच्या वळणाचा 'पाथफाइंडर' काढला. तिसऱ्या आवृत्तीचे नियम इतरांनी वापरायची मुभा तिच्या जुन्या खुल्या परवान्यात होती. रुसलेल्यांना वेगळं घर मिळालं आणि आता भांडायला दोन पत्ते झाले.

हे सगळे पक्ष एकदा मात्र एकत्र आले. जानेवारी २०२३मध्ये खेळाची आताची मालक कंपनी, विझर्ड्स ऑफ द कोस्ट, तो जुना खुला परवाना बदलणार असल्याचा मसुदा बाहेर फुटला. वजाबाकीवाले, बेरीजवाले, ओरडणारे, न ओरडणारे, सगळे एका आवाजात बोलू लागले. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. पॅलाडिनला जे जमलं नाही ते वकिलांनी करून दाखवलं. पण दर वर्षी अशी कंपनी कुठून आणायची? २०२४मध्ये सुधारित पुस्तकं आली. प्रकाशक म्हणाले, ही नवी आवृत्ती नाही, पाचवीच आहे. लगेच ती पाचवी की साडेपाचवी, यावर फळ्या पडल्या.

टेबलावर हेच वाद होतात आणि मिनिटभरात मिटतात. आमच्या डंजन मास्टरीणबाईंचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'आत्ता असं धरू या, पुस्तक नंतर बघू.' ते नंतर कधी येत नाही आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही. कारण ड्रॅगनने तोंड उघडलेलं असतं, पुढची पाळी मंदारची असते आणि तो फासा हातात खुळखुळवत बसलेला असतो. मंदारला ताटकळत ठेवून तत्त्वासाठी भांडायचं तर निर्लज्जपणा लागतो, तो आमच्यात कमी आहे. पडद्यापलीकडच्या वादात पाळीसाठी थांबलेलं कुणीच नसतं. ड्रॅगनही नसतो. मग वाद थांबवावा तरी कुणासाठी?

मला एक उपाय सापडला आहे. समोरचा शेवटच्या मुद्द्यावर आला, त्याने पृष्ठक्रमांक द्यायला सुरुवात केली, की त्याला नम्रपणे विचारायचं, 'तुम्ही सध्या कुठलं पात्र खेळताय हो?' हमखास लागू पडतो. आवाज उतरतो, पृष्ठक्रमांक गळून पडतात, माणूस हळवा होतो. त्याचं पात्र म्हणजे एक लंगडा ड्वार्फ पुजारी. त्याचा भाऊ खाणीत गाडला गेला, त्याची कुऱ्हाड आजोबांची, तिच्यावरच्या कोरीवकामामागे एक वेगळीच हकिकत. मग तो पुजारी पुलावर ट्रोलला भेटला. ट्रोल काय म्हणाला, त्यावर पुजारी काय म्हणाला, मग फासा किती पडला, आणि त्याआधीच्या रविवारी किती पडला होता. दीड तासाने तो खाणीतल्या भावाचं बालपण सांगायला घेतो.

अनुभवी मंडळी वाद चालू ठेवणंच का पसंत करतात, हे मला तेव्हा कळलं.