निघणारे काका

कांदिवलीतल्या प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ 'निघणार' असतात. कुणी कोकणात कायमचे, कुणी मुलाकडे न्यू जर्सीला, कुणी नुसतेच 'पुण्याकडे, हवा बरी आहे म्हणून'. पुढच्या गणपतीत आरतीला झांज वाजवायला तेच सगळ्यांत पुढे असतात आणि निघण्याचा विषय कुणी काढत नाही. हा जुना, निरुपद्रवी पंथ. अलीकडे त्याला एक शाखा फुटली आहे: कॅरव्हॅनवाले काका. हे नुसते निघणार नसतात, घर घेऊन निघणार असतात. त्यातही आमच्या चारकोपातला नमुना अस्सल, कारण त्यांच्या घरात मांजर आहे.

काका निवृत्त. अंगात खिसेच खिसे असलेली बर्म्युडा, एका खिशात पाना, दुसऱ्यात मांजरीचा खाऊ. रात्री दोनपर्यंत ते मोबाइलवर नॉर्वेतलं एक जोडपं बघतात. त्या जोडप्यानं मोठं घर विकलं, व्हॅन घेतली आणि आता ते मांजरासह बर्फात राहतात. सकाळी दुधाच्या रांगेत काका त्यांची ख्यालीखुशाली सांगतात, जणू ते दोघं सेक्टर पाचमध्येच राहायला आहेत.

कॅरव्हॅन का, याचं काकांकडे शास्त्र आहे. "कुत्रा माणसाला धरून असतो, मांजर घराला. म्हणजे मांजराला फिरवायचं तर काय करायला हवं? घरच फिरवायला हवं!" लेखक स्टाइनबेकनं 1960 साली चार्ली नावाच्या पूडलला घेऊन अमेरिका पालथी घातली आणि गाडीला डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांते, हे नाव दिलं, हेही त्यांना ठाऊक आहे. पण ते लगेच जोडतात, "तो कुत्रा हो! कुत्रा काय, शेअर रिक्षातही बसतो."

बबडी ही तिरंगी मांजर 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जिन्यावरून घरात आली. जनावरांच्या डॉक्टरकडच्या केसपेपरवर तिच्या नावापुढे काकांचं आडनाव लागलं, तेव्हापासून ती वारसदार. काकांनी आधी रेल्वेचा मार्ग तपासला होता. नियम असा, की मांजर सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचं दोन जणांचं कूपे किंवा चार जणांची केबिन अख्खी आरक्षित करायची. टू टियर, थ्री टियर, स्लीपर बंद. काका खवळले. "जन्मभर मी सेकंड क्लासचा पास काढला आणि हिला फर्स्ट एसीचं कूपे?" त्यानंतर त्यांनी थेट जुनी ट्रॅव्हलर घेतली. कूपेपेक्षा ती कितीतरी पट महाग पडली, पण हिशेब काकूंनी विचारला नाही आणि काकांनी दिला नाही.

काका कायद्याचे पक्के. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस 124 नावाचं मानक आहे, हे ते पानवाल्यालाही समजावतात. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याची प्रत त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत ती प्रत टेबलावर ठेवून त्यांनी गाडीसाठी जागा मागितली. "शासनाचं धोरण आहे," काका म्हणाले. सेक्रेटरी म्हणाले, "धोरण शासनाचं आहे, पार्किंग सोसायटीचं." गाडी बाहेर, गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला चिकटून उभी राहिली.

आतलं काम महावीरनगरमध्ये मॉड्यूलर किचन बसवणाऱ्या सुतारानं केलं. परदेशात म्हणे या कामाला तज्ज्ञ लागतात. आमच्या सुतारानं एकदा आत डोकावून पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, "माळा किती फुटांचा काढू?" त्यानं बेडखाली पाण्याची टाकी घातली, पायरीत चपलांचा खण काढला, घडीच्या ओट्यामागे देव्हारा बसवला आणि बबडीच्या वाळूच्या ट्रेला सरकतं दारही केलं. वर म्हणाला, "काका, जागा चिक्कार आहे."

यात नवल काहीच नाही. चारकोप वसलं तेच 1980 च्या दशकात, जागतिक बँकेच्या साहाय्यानं म्हाडानं आखलेल्या योजनेत. 25-40 चौरस मीटरचे छोटे प्लॉट, मध्ये चौक, आणि घर ज्याचं त्यानं बांधायचं. अशाच एका घरात काकांनी आई-वडील, दोन मुलं, एक शिकायला आलेला भाचा आणि गणपती असा संसार केला. नॉर्वेचं जोडपं ज्याला साहस म्हणतं, तो काकांचा रेशनकार्डावरचा पत्ता आहे. घडीचं टेबल, पलंगाखालचं कपाट, एक जण उठल्याशिवाय दुसऱ्यानं वळायचं नाही, हे सगळं त्यांना येतं. फक्त त्यांच्या घराला चाकं नव्हती.

तर एकदा काका खरोखर निघाले. केळव्याला. तयारी पाठ्यपुस्तकाप्रमाणे: पिंजरा पंधरवडाभर हॉलमध्ये उघडा ठेवलेला, आत बबडीची न धुतलेली चादर, निघण्याआधी चार तास उपास. चादर न धुतलेली, कारण मांजराला घर नजरेनं नव्हे, वासानं कळतं. ते कोपऱ्याकोपऱ्याला गाल घासतं तो त्याचा सातबारा. बबडीनं नव्या गाडीचा एकही कोपरा आपल्या नावावर केलेला नव्हता, हे मात्र राहून गेलं. नॅशनल पार्कच्या सिग्नलला तिनं पहिला सूर लावला, वर्सोव्याच्या पुलावर उपास असूनही ओकली आणि खानिवड्याच्या टोलनाक्यावर तर अशी किंचाळली, की टोलच्या खिडकीतल्या मुलानं काकूंकडे संशयानं पाहिलं. काका म्हणत होते, "बाहेर काढू का गं तिला?" काकू म्हणाल्या, "काढा, आणि ब्रेकखाली जाऊन बसू दे."

केळव्यात गाडी सुरूच्या बनाशेजारी लागली. बबडी जी पलंगाखाली गेली ती गेलीच. बंद गाडी उन्हात बघता बघता तापते, तेव्हा तिला एकटी ठेवणं अशक्य. म्हणून काका आत पंखा लावून तिच्याशी बोलत बसले. काकू शीतलादेवीचं दर्शन घेऊन आल्या, समुद्रात पाय बुडवून आल्या, पापडखारवाल्या बाईशी गावगप्पा मारून आल्या. काकांनी केळव्याचा समुद्र खिडकीतून पाहिला, तोही सुरूच्या झाडांमागचा. संध्याकाळी काकूंनी बोंबील तळले तेव्हा पलंगाखालून दोन मिशा बाहेर आल्या. बोंबील संपले आणि मिशा परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मंडळी घरी. काका मात्र सगळ्यांना सांगतात, "बबडी रुळतेय."

आणि ती रुळलीही, पण गल्लीच्या तोंडाशी. उभ्या गाडीत तिनं एकेक कोपरा घासून घेतला आणि आता दुपारी ती स्टिअरिंगसमोर पसरून मच्छीवालीच्या टोपलीवर पाळत ठेवते. तिच्या मागोमाग बाकीचे शिरले. शेजारच्या मुलीनं दहावीचा अभ्यास तिथेच केला, कारण घरात आजोबांच्या मालिका. गावाहून आलेला भाचेजावई झोपतो तिथेच. काकूंचं भजनी मंडळ पावसात तिथेच बसतं. काकूंनी खिडकीला पडदे लावले, दारात तोरण बांधलं आणि पायरीशी तुळशीची कुंडी ठेवली. गाडी हलवायची झाली तर आधी ती उचलावी लागेल. नॉर्वेवाल्यांनी घर सोडून व्हॅन घेतली. काकांना व्हॅनच्या रूपानं आयुष्यात पहिल्यांदा जास्तीची खोली मिळाली.

काका अजूनही निघणार आहेत. पावसाळा संपला की. मग दिवाळी झाली की. मग बबडीचं लसीकरण झालं की. टायरमधली हवा ते दर रविवारी तपासतात, त्यात खंड नाही.

परवा एक इस्टेट एजंट गाडीभोवती दोन चकरा मारून आला. "काका, भाड्यानं देता का? वन आरके म्हणून सहज जाईल. स्टेशनची रिक्षा दारात." काका भडकतील असं आम्हाला वाटलं. पण कांदिवलीत भाड्याचं घर म्हटलं की शाकाहारी हवेत, बॅचलर नकोत, प्राणी नकोत, हे ऐकत आलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा अट घालायची संधी मिळाली होती. त्यांनी बर्म्युडा सावरली.

"दिली असती," काका म्हणाले, "पण आमची अट आहे. भाडेकरू मासे खाणारा पाहिजे, आणि मांजर आधीपासून राहतंय, ते राहणार."

एजंट क्षणभर थांबला आणि म्हणाला, "डिपॉझिट किती?"

"ते बबडीला विचारून सांगतो. तशीही अकरा महिन्यांच्या करारावर देता येणार नाही. आम्ही दिवाळीनंतर निघणार आहोत."