थोरल्या पातीची तक्तपोशी

देवासात एखाद्या मराठी घरी गेलात आणि यजमानाने "बसा" म्हणायच्या आधी "वर पाहा" म्हटलं, तर समजावं, आपण एका आबासाहेबाच्या तावडीत सापडलो. एका म्हणायचं कारण, ते बरेच आहेत. देवासात आहेत, धारला आहेत, इंदुरात तर गल्लीगणिक आहेत. वाडा विकून वीस वर्षं झालेली असतात. बोलण्यातून मात्र तो अजून विकला गेलेला नसतो. "आमच्या वाड्याला बावीस खणांची तक्तपोशी होती" हे वाक्य ते पाण्याचा पेला पुढे करतानाही म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता, तेव्हा यांच्या आजोबांनी त्याला चहा पाजलेला असतो. गावातल्या सगळ्या आजोबांचा हिशेब धरला तर तो बिचारा चहातच बुडायला हवा होता.

आमचे आबासाहेब बँक नोट प्रेसमधून निवृत्त. आता टेकडीच्या बाजूला तीन खोल्यांचं घर, वर सिमेंटचा स्लॅब. रात्री आडवं पडलं की तो पांढरा स्लॅब त्यांच्या अंगावर येई. "प्रेताला चादर घालतात ना, तसं वाटतं," म्हणायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, वाडा गेला तर गेला, निदान त्याची खालची बाजू तरी परत आणायची.

तक्तपोशीच्या फळ्या होत्या. वाडा पाडताना दोघा भावांनी त्या वाटून घेतल्या होत्या, आणि वाटणी अगदी देवासच्या रीतीने झाली होती. 1728 साली पवार बंधूंनी, तुकोजी आणि जिवाजींनी, हा मुलूख घेतला तेव्हापासून इथे थोरली पाती, धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार. 1948 साली दोन्ही संस्थानं विलीन झाली, पण घराघरांतल्या पात्या कोण विलीन करणार? कुणावर अन्याय नको म्हणून भावांनी एक फळी थोरल्याला, पुढची धाकट्याला, असं शेवटपर्यंत मोजलं. धाकटा धारला राहतो. त्याच्या फळ्याही धारला गेल्या.

मिस्त्री आला, त्याने फळी उलटी केली. मागे सुताराने खिळ्याने कोरलेला आकडा होता: सात. दुसरीवर नऊ. तिसरीवर अकरा.

"बाबूजी, आठ कहाँ है?"

"धारला."

जुन्या हाताने तासलेलं काम ते. सातच्या जिभेला आठचीच खाच. सातची जीभ नऊत घालायला गेलं तर दोन सूत बाहेर. मिस्त्रीने रंधा उचलला. आबासाहेबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "याला रंधा लागणार नाही! हा बाबांच्या वेळचा साग आहे!" तोडगा निघाला तो असा: मधल्या जागी बाजारातल्या नव्या पट्ट्या, आणि त्यांच्याच कडा जुन्या फळ्यांना जुळवून तासायच्या.

मिस्त्रीने पाणसळ लावून स्लॅबला रिपा ठोकल्या, दोरी ताणली आणि म्हणाला, पट्ट्या चार दिवस खोलीत पडू द्या, हवा खाऊ द्या. आणि भिंतीकडेने तीन सूत जागा सोडू. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं. (चाळिशीनंतरच्या माणसासारखंच, पण हे मी मनात म्हटलं.)

"फट? आमच्या छताला फट?" आबासाहेब कडाडले. "वाड्याच्या तक्तपोशीत सुई जात नव्हती!"

वाड्याच्या माडीवरून उंदीर खाली दिसायचे, असं वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. ते कुणी ऐकलं नाही.

वैशाखात छत पुरं झालं. एक फळी काळपट, एक पिवळी, एक काळपट, एक पिवळी. खाटेवर पडून वर पाहिलं की वाघाच्या पोटाखाली झोपल्यासारखं वाटे. पंख्याची दांडी चार इंच कापावी लागली. आबासाहेब मात्र तृप्त. "वर पाहा ना, वर! खाली काय पाहून राहिले?" असं म्हणत त्यांनी मला तीनदा आडवं पाडलं.

मग पाऊस लागला. माळव्याची काळी माती फुगते तशा नव्या पट्ट्याही फुगल्या. भिंतीकडे सरकायला जागा नाही, म्हणून त्या खाली आल्या. श्रावणी सोमवारी पाहतो तर मधोमध छताला पोट सुटलेलं. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. घोडीवर उभं राहून त्याने ते पोट दोन बोटांनी दाबलं आणि काही बोलला नाही. तीन सुतांचा विषयसुद्धा काढला नाही, हा त्याचा मोठेपणा.

आबासाहेबांनी बराच वेळ टेकडीकडे पाहिलं. मग फोन उचलला. धारच्या भावाशी दिवाळीखेरीज ते बोलत नसत.

"ऐक," ते म्हणाले, "तुझ्याकडची आठ नंबरची फळी पाठवून दे. दहा, बारापण."

पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"दादा, मीच तुला फोन करणार होतो. मी पण छत करून राहिलो. सात आहे का तुझ्याकडे?"