दहा मिलिग्रॅमचं दुखणं

ड्रोन घेतला की माणूस वर बघायला लागतो, असा एक समज आहे. माझी मात्र मान खाली गेली. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यापुढे भिंग आणि भिंगाखाली बोटाएवढं काळं प्लास्टिकचं पातं, अशा अवस्थेत मी हल्ली रविवारी सकाळी बाल्कनीत आढळतो. पात्याच्या पुढच्या कडेचा बारीकसा टवका उडाला आहे. ही शेवग्याच्या शेंगेची कामगिरी. शेंगेचे दोन तुकडे झाले, त्यांची आमटी झाली, ती चांगलीही झाली होती. टवक्याचं काय करायचं, हे मात्र अजून ठरत नव्हतं. पातं घासून, तोल साधून पुन्हा लावायचं, की फेकून नवं आणायचं?

हा प्रश्न किरकोळ वाटत असेल, तर तुमच्याकडे ड्रोन नाही किंवा भिंग नाही.

माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा. कंपनीने हा आकडा हौसेखातर निवडलेला नाही. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा तो ‘नॅनो’, त्यापुढचा ‘मायक्रो’. म्हणजे पात्यांवर सढळ हाताने सेलोटेप लावत गेलो, तर ड्रोनची जात बदलण्याची सोय आहे. त्याला चार मोटरी, प्रत्येकीवर घडी होणारी दोन पाती. दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट्या. नाहीतर गडी हवेत स्वतःभोवतीच गिरक्या घेत राहील. नुसता तरंगतानाही तो पाती मिनिटाला नऊ-दहा हजार वेळा फिरवतो. या वेगाला आसापासून ५ सेंटीमीटरवर १० मिलिग्रॅमचा फरक असला, तर सुमारे ५५ ग्रॅम वजन बाहेर ओढत असल्यासारखा जोर पडतो, आणि तो प्रत्येक फेरीला दिशा बदलतो. १० मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचा अर्धा दाणा. अर्ध्या दाण्याने २४९ ग्रॅमच्या जिवाला सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा हिसडे द्यायचे, आणि कॅमेऱ्याने त्यात सह्याद्री टिपायचा! शिवाय वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो.

कॅमेऱ्याचं दुखणं आणखी वेगळं. त्यातला सेन्सर चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. पहिली ओळ टिपल्यापासून शेवटची टिपेपर्यंत कॅमेरा हललेला असतो. मग डोंगर, देऊळ, उसाचा फड, सगळं खरवसासारखं थुलथुलायला लागतं. २०१३ साली पहिला फँटम ड्रोन आला, तेव्हा लोक त्याच्या पोटाला छोटा कॅमेरा बांधून उडवत आणि घरी येऊन खरवस बघत. पाती तोलण्याचा छंद फोफावला तो त्या काळात. आता कॅमेरा तीन अक्षांत स्थिर धरणाऱ्या गिंबलवर, रबरी बोंडांवर लटकलेला असतो. थोडीफार थरथर तो पोटात घालतो. पण पोटात घालतो म्हणून ती संपते थोडीच? ती मोटरीच्या बेअरिंगला जाऊन भिडते.

या विषयात घरात दोन पंथ आहेत. पहिला माझ्या भाच्याचा. तो लग्नांचे आणि लग्नाआधीचे व्हिडिओ करतो. नवरा-नवरी धरणाच्या काठाने धावत असताना त्यांच्या डोक्यावरून ड्रोन नेणं हा त्याचा हातखंडा. त्याचं तत्त्वज्ञान एका वाक्यात संपतं.

“मामा, पातं हे कन्झ्युमेबल आहे. टवका दिसला की बदल.”

“अरे, पण एवढुसा तर टवका आहे.”

“मंगळावरचं हेलिकॉप्टर कशाने बंद पडलं माहितीये? बहात्तर उड्डाणं केली त्याने, आणि २०२४ च्या जानेवारीत पातं मोडलं. संपला विषय. नासावाल्यांना तिथे जाऊन बदलता येत नव्हतं. तुला येतंय ना?”

नासाशी तुलना झाली की बोलणं खुंटतं. त्यातून जोडीची किंमत दोन माणसांच्या मिसळीइतकी. २०२२ च्या फेब्रुवारीपासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी असली, तरी सुट्या भागांना नाही. तेव्हा पाती मिळतात. नडतं ते माझ्या हाताला. जे अजून फिरतंय ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात धजत नाही. आमच्या घरी संपलेल्या टूथपेस्टच्या नळीला कात्रीने चिरून पुढचे चार दिवस काढलेले आहेत, आणि ते चार दिवस सगळ्यांत सुखाचे होते.

दुसरा पंथ शेजारच्या काकांचा. त्यांची सगळी नोकरी भोसरीला, टूलरूममध्ये गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून मायक्रॉनमध्ये विचार करतात. काकू पोळ्या लाटत असल्या तर ओट्याशी उभं राहून ‘जाडी एकसारखी नाही’ असा रिपोर्ट देतात. मी पातं दाखवल्यावर ते आनंदाने उठून बसले.

“अहो, ग्राइंडिंग व्हील नवंकोरं आलं तरी आम्ही बॅलन्स केल्याशिवाय मशीनला चढवत नव्हतो. आणि हे तुम्ही डबीतून काढून सरळ फिरवता? दहा हजार आरपीएमला?”

त्यांनी जुन्या हार्ड डिस्कमधली चुंबकं काढून एक स्टँड तयार केला. दोन चुंबकांमध्ये टोकं घासलेला पोलादी दांडा. एक टोक चुंबकाला जेमतेम टेकलेलं, दुसरं अधांतरी. घर्षण जवळजवळ नाहीच. घडीची पाती त्यावर लोंबकळतात, म्हणून एका मित्राच्या लेथवर ॲल्युमिनियमची चकती करून आणली आणि दोन्ही पाती तीवर समोरासमोर आवळली. एवढ्या खटाटोपात माझा ड्रोन राहिला बाजूला, आणि मला त्याचं काडीइतकं दुःख झालं नाही.

तोल बघणं हा विधी आहे. दारं-खिडक्या बंद. पंखा बंद. मे महिना. काका आणि मी घामाने निथळत, श्वास रोखून, काळ्या काडीकडे बघत बसलेलो. काडी अगदी सावकाश, आपली इच्छा नसल्यासारखी कलते. जड बाजू खाली जाते. तिच्या सपाट पाठीवरून बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवायचा, कडेला अजिबात हात लावायचा नाही, पुन्हा चढवायची, पुन्हा श्वास रोखायचा. हलक्या बाजूला टेपचा तुकडा चिकटवायची सोपी युक्ती आहे, पण काकांना ती पटत नाही. “चिकटवलेलं कधीतरी उडतं. काढलेलं परत येत नाही.” शेवटी एक क्षण येतो. पातं आडवं ठेवा, तिरपं ठेवा, उभं ठेवा, सोडाल तिथे थांबतं. हा आनंद ड्रोन उडवण्यात नाही, हे मी भाच्याला सांगत नाही.

“पंखा कोणी बंद केला?” असा आवाज आतून येतो, तेवढाच काय तो व्यत्यय.

मध्यंतरी माझ्या डोक्यात आलं की स्टँडचा हा उपद्व्याप हवाच कशाला? दोन पात्यांची वजनं करावीत आणि जड असेल ते घासावं. मिलिग्रॅम दाखवणारा काटा आमच्या ओळखीच्या सराफाकडे आहे. गेलो. दुकानात एक कुटुंब मंगळसूत्र बघत होतं. मी कागदाची पुडी उलगडली.

“मोड आहे का?” सराफाने सवयीने विचारलं.

“वजन करायचंय फक्त.”

त्याने प्लास्टिकची पाती चिमट्याने उचलली, तबकडीवर ठेवली, काचेचं झाकण लावलं. आकडा स्थिर होईपर्यंत मंगळसूत्रवाले कुटुंबही थांबलं. सराफाने दोन्ही वजनं चिठ्ठीवर लिहून दिली, तिसऱ्या दशांशापर्यंत. दोन्हींत फरक शून्य. “घट काही धरली नाही,” असंही तो म्हणाला. मी चिठ्ठी घेऊन विजयी मुद्रेने काकांकडे आलो.

काकांनी तीच पाती स्टँडवर चढवली. एक बाजू शांतपणे खाली गेली.

“वजन किती आहे ते सराफाने सांगितलं,” काका म्हणाले, “कुठे आहे ते नाही सांगितलं.” दोन्ही पाती वजनाला सारखी, पण एकाचा भार बुंध्याकडे तर दुसऱ्याचा टोकाकडे. टोकाकडचा मिलिग्रॅम बुंध्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त ओढतो. मोठ्या माणसांच्या बैठकीतही टोकाला बसणारेच जास्त ओढतात, पण ते असो.

एवढा तोलाचा माणूस आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर मी निश्चिंतपणे ते टवकेवालं पातं पुढे केलं. आता याचा टवका घासून गुळगुळीत होणार, जोडीदार तेवढाच घासला जाणार, आणि भाच्याची जिरणार. काकांनी ते उन्हात धरलं. बुंध्यापाशी हलकेच वाकवलं. मग दुसऱ्या बाजूने वाकवलं. भिंग मागितलं. बुंध्याच्या भोकाजवळ केसासारखी पांढरट रेघ होती.

“फेका.”

“पण काका, बॅलन्स—”

“चिरेला बॅलन्स नसतो हो. व्हील चढवायच्या आधी आम्ही ते टांगून लाकडी हातोडीने वाजवायचो. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजलं तर स्क्रॅप. तिथे कोणी पॉलिश पेपर नाही काढायचा. आणि चीर नसती ना, तरी पुढची कड गेली की हवा कापण्याचा आकार गेला. तुम्ही भार सारखा कराल, उचल कशी सारखी कराल?”

मी पडत्या फळाची आज्ञा मानली नाही. घरी येऊन दाखले शोधले, आणि तेही काकांकडूनच बोलायला लागले. १९०३ साली किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंच्या इंजिनाच्या धक्क्यांनी पंख्यांच्या दांड्यांवरची दातेरी चाकं सैल व्हायची. ती त्यांनी सायकलचे टायर चिकटवायच्या सिमेंटने पक्की केली. मला हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे पंख्याच्या दांड्याला तडा गेला, तेव्हा ऑर्विल चिकटवत बसला नाही. तो घरी डेटनला गेला, स्प्रिंग स्टीलच्या नव्या दांड्या घेऊन आला, आणि १७ डिसेंबरला ते उडाले. सैल होतं ते चिकटवलं, तडकलं ते बदललं.

भाच्याला हे कळल्यावर तो नव्या पात्यांचं पाकीट घेऊन हजर झाला. चेहऱ्यावर निकाल लागल्याची कळा. काकांनी शांतपणे पाकीट फोडलं आणि त्याची ती नवीकोरी, सीलबंद जोडी स्टँडवर चढवली. पंखा बंद झाला. आम्ही तिघांनी श्वास रोखला. जोडी सावकाश कलली.

“किंचित आहे,” काका म्हणाले. “गिंबल खाऊन टाकेल. पण बघायला काय जातं?”

भाचा गप्प. आजवर त्याने शेकडो लग्नं न तोललेल्या पात्यांवर पार पाडली होती. माझं निरीक्षण असं, की आपण बहुतेक लोक नेमकं उलटं करतो. मोडक्याला जीव तोडून तोलतो आणि नव्याला डोळे मिटून लावतो. पॉलिश पेपर लागायचा तर नव्याला लागायला हवा. भाच्याने माझ्या ड्रोनची पुस्तिका उघडून आणखी एक कलम वाचून दाखवलं: एक पातं गेलं तर त्या मोटरीवरची दोन्ही काढायची, स्क्रूंसकट, आणि एकाच पाकिटातली दोन लावायची, वेगवेगळ्या पाकिटांतली जुळवायची नाहीत. म्हणजे टवक्याच्या निष्पाप जोडीदारालाही जावं लागणार. माझ्या पोटात कालवलं. ते धडधाकट होतं, त्याच्यावर काका दोन संध्याकाळी खपले होते.

“ठेवून देतो,” मी म्हणालो. “कधीतरी लागेल.”

“हेच,” काका म्हणाले. टूलरूममध्ये रिजेक्ट माल असाच ‘ठेवून दिलेला’ असायचा आणि रात्रपाळीला कोणीतरी तो पुन्हा लाइनवर आणायचं. म्हणून रिजेक्टला लाल रंग फासायचा आणि लाल पेटीत टाकायचा, हा नियम. आमच्या घरात लाल रंग कुठला? भाच्याने आत जाऊन ड्रेसिंग टेबलावरची नेलपॉलिशची बाटली आणली. काकांनी टूलरूमच्या शिस्तीने दोन्ही पात्यांना दोन्ही बाजूंनी सढळ हात दिला, वर पुन्हा एक हात, वाळलं का ते बघायला तिसरा. बाटली तळाला गेली.

बायको बाहेर आली. तिने आधी पात्यांकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग बाटलीच्या तळावर चिकटवलेली किंमत आम्हा तिघांना मोठ्याने वाचून दाखवली. पात्यांच्या दोन पाकिटांपेक्षा ती जास्त होती.