चारित्र्याचा दाखला आणि छत्तीस बेटं

भारतीय माणसाला मालदीवला जायला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग जवळ असलं, निघण्याआधीच्या ९६ तासांत मोबाइलवर एक फॉर्म भरला, की माले विमानतळावरचा अधिकारी फुकटात शिक्का मारून मोकळा होतो. मॉरिशसचंही तसंच. तिथे तर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, म्हणजे जवळजवळ घरचंच. अंदमानला आपण मराठी माणसं सेल्युलर जेल बघायला सहकुटुंब जातो, कुणी हटकत नाही. पण आपल्याच देशातल्या लक्षद्वीपला जायचं म्हटलं, की प्रवेश परवाना लागतो, आणि त्या परवान्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो, की सदर इसमाविरुद्ध काही वावगं आढळलेलं नाही. तुरुंग बघायला दाखला नको, नारळाची झाडं बघायला हवा.

जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यांचे किनाऱ्यावरचे फोटो आले आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देशभक्तीला उधाण आलं. यापुढे मालदीवचं नाव काढायचं नाही, जायचं तर लक्षद्वीपलाच, असा ठराव एकमताने झाला. ठराव करणाऱ्यांनी त्या मे महिन्यात महाबळेश्वर गाठलं. मनावर घेतलं ते फक्त आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांनी मोठ्या काठाची टोपी आधीच विकत घेतली होती, त्यामुळे माघारीचा प्रश्न नव्हता.

माझा मेव्हणा वकील आहे. संविधानाच्या कलम १९ने मला देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिलाय, तेव्हा हा परवाना घटनाबाह्य आहे, असं मी त्याला फोन करून सुनावलं.

"भावोजी, त्याच कलमाचं पाचवं उपकलम वाचलंत का?" तो म्हणाला. "सर्वसामान्य जनतेच्या किंवा अनुसूचित जमातींच्या हितासाठी या हक्कावर वाजवी बंधनं घालता येतात. लक्षद्वीपचे जवळजवळ सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत आहेत. नियम १९६७चे आहेत. आणि फोनवरच्या सल्ल्याचे पैसे मी घेत नाही, पण ताईला सांगू नका."

म्हणजे नियम बेटांच्या नावापेक्षा थोरले. हा प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ला केंद्रशासित झाला, तेव्हा त्याचं नाव होतं 'लॅकादीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी बेटं'. 'लक्षद्वीप' हे नाव मिळालं १९७३ला. नावात लक्ष असले तरी बेटं छत्तीस, त्यातली वस्तीची दहा, आणि सगळ्यांची जमीन मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जमिनीचा अर्ज मात्र चांगला ऐसपैस आहे. फोटो, ओळखपत्र, कुठल्या बेटावर जाणार, कशासाठी जाणार, तिथे तुमची हमी कोण घेणार, आणि पोलिसांचा दाखला. बेटावर कामाला असलेले सरकारी अधिकारी, लष्करातली माणसं आणि त्यांचे कुटुंबीय यांना परवाना माफ आहे. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. बँकवाल्यांच्या सभ्यतेची खात्री सरकारला नसावी.

दाखल्याचा अर्ज हल्ली ऑनलाइन करता येतो. नंतर पोलिस ठाण्यात बोलावतात ते मात्र प्रत्यक्षच. आमच्या हवालदारसाहेबांनी कागद पुढे ओढले.

"कशाला पाहिजे दाखला? दुबईत नोकरी?"

"नाही, लक्षद्वीपला जायचंय. फिरायला."

"फिरायला?" त्यांनी चष्मा वर केला. सिक्युरिटी गार्ड, ड्रायव्हर, परदेशी निघालेली पोरं यांना त्यांनी रोज दाखले दिले होते. सहलीसाठी चारित्र्य मागणारा निवृत्त माणूस त्यांच्या कारकिर्दीत बसत नव्हता.

"ते भारतातच आहे ना?"

"हो."

"मग?"

या 'मग'चं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मेव्हण्याचं उपकलम आठवत होतं, पण पोलिस ठाण्यात आपणहून कलमं काढू नयेत एवढं मला कळतं.

मग त्यांनी शरीरावरची ओळखीची खूण विचारली. मी म्हणालो, तशी काही नाही. "पाठीवर तीळ आहे, डाव्या बाजूला," सौभाग्यवती म्हणाल्या. आपल्या पाठीवर तीळ आहे हे मला या वयात, तीन शिपाई आणि मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक कॉलेजकुमार यांच्या साक्षीने समजलं.

खरा घोळ पुढे होता. आमच्या लग्नात, त्या काळच्या रीतीप्रमाणे, मी ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं होतं. तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले, नाव राहिलं. ते आधारवर आलं, रेशनकार्डावर आलं. पण दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पॅनकार्डावर नवं नाव आणि जुनं आडनाव, आणि बँकेच्या पासबुकावर (माझ्याच बँकेच्या!) दोन्हींच्या मधलं काहीतरी. हवालदारसाहेबांनी कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"या दोन बाई कोण?"

"एकच आहे."

"मग दुसरी?"

"तीही हीच."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पुन्हा अर्जाच्या मथळ्याकडे. चारित्र्याचा दाखला मागायला आलेल्या माणसाच्या कागदांत दोन बायका सापडणं हे पोलिसी नजरेला पटण्यासारखं नव्हतंच. लग्नाचं प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र आणा, असं फर्मान निघालं.

"माझ्या वडिलांनी तुमची नुसती पत्रिका बघितली," घरी येताना ही म्हणाली, "असला दाखला तेव्हाच मागायला हवा होता."

राजपत्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघालं. पण अजून एक बाब बाकी होती. परिसरातल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं आणि सह्या हव्या होत्या. आमच्या सोसायटीत चेअरमन आणि सेक्रेटरी अशा दोनच प्रतिष्ठित व्यक्ती आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. एकाची सही आधी घेतली तर दुसरा देणार नाही. मी दोन वेगळ्या कागदांवर सह्या घ्यायचं ठरवलं. सेक्रेटरींनी गच्चीतल्या पाण्याच्या टाकीविषयी माझं मत विचारून घेतलं, ते आपल्या बाजूचं आहे याची खात्री केली आणि सही दिली. चेअरमन जास्त सावध निघाले.

"तसं मी तुम्हाला वीस वर्षं ओळखतो," ते म्हणाले, "पण लिहून द्यायचं म्हणजे..."

"सभ्य आहे, एवढंच लिहायचंय."

"ते ठीक. पण पार्किंगचं ते प्रकरण..."

पार्किंगचं ते प्रकरण म्हणजे त्यांच्या भाच्याने माझ्या जागेत लावलेली मोटारसायकल. ती मी पार्किंगचा हक्क न सोडता, पण निषेधही मागे घेऊन, मनातल्या मनात माफ केली, तेव्हा सही झाली. दोन दिवसांनी पडताळणीला शिपाई घरी आला. तो जिना उतरण्याआधी सगळ्या इमारतीत बातमी पोचली होती. तळमजल्याच्या काकूंनी संध्याकाळी हिला बाजूला घेऊन विचारलं, "पैशाचं आहे का गं काही? बँकेतलं?"

शेवटी दाखला आला. माझ्याविरुद्ध काहीही आढळलं नाही, असं शासनाने लेखी कळवलं. सौभाग्यवतींनी तो लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवावा असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, आधी माझा ठेवा.

कोचीला लक्षद्वीप प्रशासनाचं कार्यालय आहे ते विलिंग्डन बेटावर. हेही बेटच, पण बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून इंग्रजांनी उभं केलेलं. त्यावर जायला काहीच लागत नाही, रिक्षाचे पैसे सोडून. बेटावर जाण्याचा परवाना बेटावरूनच घ्यायचा, यातली गंमत तिथल्या कारकुनाला मी सांगून पाहिली. त्याने आमचे कागद नीट लावून परत दिले. अशा गमती त्याने बऱ्याच ऐकल्या असाव्यात.

कोचीहून जहाजं जातात, त्यात रात्रभर डुलायचं असतं. आम्ही विमानाने अगत्तीला गेलो. धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही अंगांना पाणी, आणि उतरताना खिडकीतून कुठल्याही बाजूला पाहिलं तरी समुद्रच दिसतो. देवाची नावं घ्यायला एवढी सोय दुसऱ्या विमानतळावर नाही. उतरल्यावर पहिलं काम परवाना पोलिसांकडे नोंदवण्याचं. घरच्या पोलिसांनी पाठवलं, बेटावरच्या पोलिसांनी उतरवून घेतलं. मधल्या प्रवासात सासरी निघालेल्या नवरीसारखं वाटत होतं, पाठवणी इकडून, स्वागत तिकडून, आणि आपलं मत कुणी विचारलेलं नाही.

आमची हमी घेणारे यजमान विमानतळाबाहेर उभे होते. वयाने माझ्याएवढे, लुंगी, पांढरा शर्ट, मोडकं हिंदी. या गृहस्थांनी मला जन्मात पाहिलेलं नव्हतं, फोनवर दोनदा आवाज ऐकला होता. तरी या माणसाची जबाबदारी माझी, असं त्यांनी सरकारला लिहून दिलं होतं. मला चेअरमन आठवले.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात मी परवान्याचा विषय काढला. तक्रारीच्या सुरातच. ते उठले आणि मला विहिरीपाशी घेऊन गेले. पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. हे पावसाचं पाणी, त्यांनी सांगितलं, खाली समुद्राचं. प्रवाळाच्या बेटावर गोड्या पाण्याचा पातळसा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं, आणि मग ते गोडं व्हायला कैक पावसाळे बघावे लागतात. म्हणून तर समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढणारा प्रकल्प २००५मध्ये कवरत्तीला झाला, आणि २०११मध्ये अगत्ती आणि मिनिकॉयला. आता हिशेब करा. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या चौसष्ट हजारांच्या वर होती. म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं, आणि अगत्तीचं बेट रुंदीला कुठेच एक किलोमीटरच्या फारसं पलीकडे जात नाही. त्यात आमच्या ग्रुपवरचे सगळे ठरावकर्ते खरोखर आले असते, दिवसातून दोन वेळा अंघोळ करणारे, तर विहिरीने कधी रामराम म्हटला असता कुणास ठाऊक. कुत्र्याला तर इथे येऊच देत नाहीत. माणसाला निदान पोलिसांच्या दाखल्यावर सवलत आहे.

एवढं ऐकल्यावर माझा कलम १९चा आवेश ओसरला. दुसऱ्या दिवशी पाण्यातलं पोवळं हिने हातात घेतलं, तेव्हा यजमानांच्या मुलाने नम्रपणे ते परत पाण्यात ठेवायला लावलं. मृत असलं तरी न्यायचं नाही, कायदा आहे. "अहो, आपला दाखला दाखवा ना त्याला," ही कुजबुजली. दारूचीही बंदी आहे, फक्त वस्ती नसलेल्या बंगारामवर परवानगी. मला त्याचं दुःख नव्हतं, पण आमच्याबरोबर विमानात असलेल्या चार तरुणांची तोंडं पहिल्या संध्याकाळपासून उतरलेली होती ती परतीपर्यंत तशीच होती.

किनाऱ्यावर मी तास न् तास बसत असे. एकही बाटली नाही, एकही वेफर्सचं पाकीट नाही, लाउडस्पीकर नाही, घोडागाडी नाही, वाळूत रुतलेली आणि दहा जण ढकलत असलेली एसयूव्ही नाही. तेव्हा एक विचार माझ्या डोक्यात आला तो अजून गेलेला नाही. अलिबाग, काशीद, नागाव, तारकर्ली यांना ३१ डिसेंबरपुरता हाच नियम लावावा. पोलिसांचा दाखला, पाठीवरचा तीळ, स्थानिक माणसाची लेखी हमी, आणि सोसायटीच्या चेअरमनची सही. मांडव्याची बोट रिकामी जाईल, आणि कोकणातल्या विहिरीही दुवा देतील. मेव्हण्याला विचारलं, तर तो म्हणाला, हे मात्र नक्की घटनाबाह्य ठरेल. या सल्ल्याचे त्याने पैसे घेतले.

तुम्ही लक्षद्वीपला निघणार असाल, तर टोपी शेवटी घ्या. आधी आधार, पॅन आणि बँकेतलं नाव एकसारखं करून घ्या, बायकोचं विशेषतः. दाखल्याचा अर्ज निघण्याच्या दोन-तीन महिने आधी करा, आणि तोवर चेअरमनशी भांडू नका. विमानाचं तिकीट परवाना हातात आल्यावरच काढा. अगत्तीचं विमान लहान असतं, ते कुणासाठी थांबत नाही.