अध्यक्षवहिनी

आमच्या कॉलनीच्या महिला मंडळात कार्यकारिणी बायकांची आणि कार्य नवऱ्यांचं, अशी वाटणी आहे. तसा ठराव वगैरे काही झालेला नाही. अध्यक्षवहिनींनी परस्पर करून टाकलं. आमची सौ. खजिनदार, म्हणून मी रांजण, सतरंज्या आणि माइक या खात्यांचा पदसिद्ध हमाल.

वहिनी वर्गणी कधी मागत नाहीत. त्या वस्तू मागतात. त्याही तुमच्याच घरात बसून, तुमचाच चहा पीत. "भाऊजी, ते टेबल मोकळंच दिसायलंय की!" एवढं म्हणून विषय बदलतात. संध्याकाळी टेबल आरोग्य शिबिरात, त्यावर रक्तदाब मोजायचं यंत्र. संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायका वाण 'लुटतात' हे लहानपणापासून ऐकत होतो. त्या क्रियापदाचा अर्थ मला वहिनींमुळे कळला.

भाषण दरवेळी एकच. सुरुवात गंगाखेडच्या संत जनाबाईंपासून, 'आपल्याच जिल्ह्यातल्या' यावर जोर. मग रमाबाई रानडे, 1909, पुण्याचं सेवासदन, आणि तिथून थेट वसमत रोडवरची आमची पाणपोई. मधल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात विशेष काही घडलेलं नाही. जनाबाईंना दळू लागायला विठ्ठल यायचा म्हणतात. मंडळाला आम्ही आहोत. पण "जरा डावीकडून धरा, काठ उडेल," असं विठ्ठलाला कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

पाणपोईचं मात्र मानलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये परभणीत बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तशा उन्हात रांजणाला ओलं फडकं गुंडाळायला वहिनी जातात (मागे बादली घेऊन मी). साखळीला बांधलेला पेला दर आठ-दहा दिवसांनी चोरीला जातो. मी चिडतो. वहिनी विचारतात, "साखळी ठेवली ना त्यानं? मग माणूस बरा होता." आणि हिशेब! एकदा सात रुपये जुळेनात, तर रात्री साडेदहाला आमच्याकडे येऊन बसल्या. अकराला लिंबाची पावती सापडली, तेव्हा कुठे आम्ही जेवलो.

वहिनींचा वीक पॉइंट एकच, फोटो. 2018च्या डिसेंबरअखेर इथल्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांवर उतरला, त्या आठवड्यातली गोष्ट. पहाटे पाचला आम्ही स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटायला गेलो. तासाभरात वाटून झाली आणि मग फोटोग्राफर उगवला. आता वाटायला ब्लँकेटच नाही. भिंतीकडेला एक म्हातारा मंडळाच्याच ब्लँकेटात गाढ झोपला होता. वहिनींनी त्याला हलवून उठवलं. "बाबा, एवढं परत द्या बरं जरा. लगेच देते."

म्हाताऱ्याने ब्लँकेट आणखी घट्ट ओढलं, नऊवारी-पाचवारीतल्या आठ जणींकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "माय, फोटो दुसऱ्यांदा काढायचा तर ब्लँकेटबी दुसरं आणावं लागतंय. म्हातारी हाय तिकडं."

मी हसलो. ते चुकलं. वहिनींची नजर माझ्याकडे वळली; माझ्याकडे म्हणजे माझ्या अंगावरच्या शालीकडे. सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली, खऱ्या लोकरीची. वहिनी काही बोलल्याच नाहीत. बोलली आमची सौ., "अहो, द्या की."

शाल गेली. म्हातारा हसतमुखाने उठून उभा राहिला, फोटो एकदम झकास आला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही आला: आठ बायका, मधे म्हातारा, त्याच्या हातात शाल. खाली सगळ्या आठ जणींची नावं आहेत. उजवीकडे कडेला हाफ शर्टातलं एक कोपर तेवढं आलंय, ते माझं.