हजेरी लावून समाजसेवा

पूर्वीसारख्या झोकून देऊन काम करणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत, अशी खंत व्यासपीठावरून दर महिन्याला एकदा तरी कानावर येते. खंत करणाऱ्यांनी हार काढून ठेवून जवळच्या वस्तीत एक फेरी मारावी. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, नाहीतर ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली एक बाई सापडेल. समोर पंधरा-वीस पोरं, त्यातली दोन रडणारी, एक पळणारं. कोपऱ्यात वजनकाटा आणि रजिस्टरांची चळत. ही अंगणवाडी सेविका. सरकारी दृष्टीनं ती नोकर नाही, ‘मानसेवी’ आहे. गावच्या लेकरांसाठी आपखुशीनं वेळ देणारी.

आपखुशी थोडी वेगळ्या जातीची आहे, एवढंच. केंद्र वेळेत उघडलं नाही, नोटीस. अहवाल उशिरा गेला, नोटीस. सुपरवायझर मॅडमच्या मीटिंगला दांडी पडली, तर त्याची वेगळी. समाजसेवेत कुचराई केली म्हणून ‘कारणे दाखवा’ निघण्याची सोय आणखी कुठल्या देशात असल्यास कळवावं.

अंगणवाडीची योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. मुहूर्त गांधीजयंतीचा, म्हणजे त्यागाला पोषक. देशभर ३३ प्रकल्प, आपल्याकडे एक मेळघाटातल्या धारणीत आणि एक मुंबईच्या धारावीत. मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५. हिशेब सरळ होता. बाई गावातलीच, त्यामुळे क्वार्टर नको, गाडीभाडं नको. पोरं ओळखीची. शिवाय बाईमाणूस मुळातच मायाळू, आणि मायेचे कुठे कुणी पैसे घेतं का?

नाव मात्र उसनं आणलं होतं, तेही भल्या घरून. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी ते काम जन्मभर चालवलं. या दोघींनी त्याग केला तो स्वतःच्या मर्जीनं. १९७३ साली ताराबाई गेल्या आणि दोनच वर्षांत सरकारनं अंगणवाडी हे नाव उचललं, कल्पना उचलली, आणि दोघींचा त्याग सेवाशर्तींत घालून टाकला.

काम काय, तर लहान मुलं सांभाळणं, असं अजून कित्येकांना वाटतं. ‘खिचडीवाल्या बाई’ हे त्यांचं शहरी नाव. प्रत्यक्षात योजनेत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-आहाराचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. म्हणजे दंडाला पट्टी लावून बाळ सॅममध्ये (तीव्र कुपोषित) की मॅममध्ये (मध्यम कुपोषित) ते बघायचं, गरोदर बाईला तपासणीला धाडायचं, सुईला घाबरून गोठ्यात लपलेल्या पोराला बाहेर काढायचं. एवढं झाल्यावर ‘अ अननसाचा’. वर मतदारयादी आहे. शिवाय ज्या खात्याला सर्वेक्षण सुचेल, त्या खात्याचं सर्वेक्षण.

एवढी राबणारी बाई एके दिवशी रस्त्यावर बसली की सरकारची भाषा कशी पालटते, ते बघण्यासारखं असतं. २०१७ च्या सप्टेंबरात राज्यभर संप झाला. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना ‘मेस्मा’ लावण्यात आला. मेस्मा म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा. संप केलात तर याद राखा. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेतला मित्रपक्षच उठून उभा राहिला आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. पण गुपित फुटायचं ते फुटलं. पैसे द्यायच्या दिवशी जी मानसेवी, तीच संपाच्या दिवशी अत्यावश्यक. जिच्यावाचून राज्याचं अडतं अशी सेवा अर्धवेळ, ऐच्छिक आणि मानधनावर! हे ज्या कारकुनाच्या डोक्यातून निघालं, त्याला मात्र पूर्ण पगार होता, महागाई भत्त्यासह.

४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संप. तो पन्नासहून जास्त दिवस चालला. तेव्हा सेविकेचं मानधन होतं दहा हजार आणि मदतनिसाचं साडेपाच. त्यात केंद्रानं ठरवून दिलेला दर सेविकेमागे साडेचार हजार. तो लागू झाला २०१८ च्या ऑक्टोबरात, आणि पुढचे कितीतरी अर्थसंकल्प त्याला वळसा घालून गेले. राज्यानं नंतर मानधन वाढवलं, नाही असं नाही. मात्र वाढीतला काही भाग प्रोत्साहन भत्ता, कामगिरी मोजून द्यायचा. मानसेवेचंही मूल्यमापन असतं, हे त्यानिमित्तानं कळलं.

आशाताईंची, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तींची, तऱ्हा याहून न्यारी. त्यांना सुरुवातीला धड मानधनसुद्धा नव्हतं, बहुतेक मोबदला नगावर. बाळंतपणाला बाईला दवाखान्यात नेलं की इतके, बाळाची लस पुरी झाली की तितके. २०२० साली कोरोनात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली. दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजणार कोण, तर आशाताई आणि सेविका. कुटुंब तुमचं, जबाबदारी त्यांची. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. अभिनंदनाच्या पोस्टी सर्वपक्षीय होत्या.

मग आली लाडकी बहीण, बायकांना महिना दीड हजार देणारी योजना. २०२४ च्या पावसाळ्यात गावोगावचे अर्ज भरायला सेविकाच बसल्या; एका अर्जाला पन्नास रुपये देऊ असं ठरलं. निवडणूक पार पडल्यावर सरकारला बहिणींचा संशय येऊ लागला. २०२५ च्या फेब्रुवारीत फर्मान सुटलं की, कुणाच्या दारात चारचाकी आहे ते बघून या. बघणार कोण? सेविका. अर्ज भरायला बसली तेव्हा तिला चहा मिळाला होता, गाडी बघायला गेल्यावर काय मिळालं असेल याची कल्पना करावी. दीड हजार द्यायचं श्रेय फलकावर, ते कापायचं पाप अंगणवाडीच्या दारात.

एवढ्यानंही भागलं नाही म्हणून मोबाइल आहे. पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप आलं २०२१ साली. आधीच दिलेले मोबाइल तापायचे, अडकायचे, ॲप इंग्रजीत. त्या ऑगस्टमध्ये सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाइल ढिगानं परत केले. फुकट मिळालेली वस्तू सरकारच्या तोंडावर फेकणारा दुसरा वर्ग निदान माझ्या पाहण्यात नाही. १ जुलै २०२५ पासून तर घरपोच आहाराच्या पाकिटासाठी चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. मराठवाड्यातला एखादा तांडा डोळ्यांसमोर आणा. पोराची आई ऊसतोडीला गेलेली, पाकीट न्यायला आजी आलेली. फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. न जुळायला काय झालं, नोंदलेला चेहरा सुनेचा आहे. मग आजीची नोंद करायची ठरते.

“आजी, इकडं बघा. आता डोळे मिचकवा.”

“ह्या वयात त्या डबड्याला डोळा मारू व्हय गं बाई?”

मारते. नातवासाठी तेही करते. मग ओटीपी येतो. तो येतो लेकाच्या मोबाइलवर, आणि लेक कोल्हापूरकडं उसाच्या फडात. तिथं रेंज नाही. पाकीट समोर, पोरगं समोर, भूक समोर. नुसता नंबर यायचा राहिला आहे. शेवटी बाई पाकीट स्वतःच्या जबाबदारीवर देते किंवा परत ठेवते. दिलं तर नोंदीत घोळ, ठेवलं तर आजीच्या शिव्या. दोन्हींचं उत्तर तिनंच द्यायचं.

शहरी दानशूरांनाही सरकार विसरलेलं नाही. अंगणवाडी दत्तक घ्यायचं धोरण आहे. रंगरंगोटी करा, खेळणी द्या, भिंतीवर आपला लोगो लावा. भिंतीला बाप मिळतो, पोरांना घसरगुंडी मिळते. सेविकेला दत्तक घ्यायचं कलम त्यात कुणी घातल्याचं ऐकलं नाही. मार्चच्या आठ तारखेला तिला शाल मिळते, पण त्या दिवसांत उकाडा असतो.

न्यायालयांचं म्हणाल, तर २००६ साली कर्नाटकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की, सेविकेचं पद हे राज्याच्या सेवेतलं पद नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या खटल्यात त्याच न्यायालयानं निकाल दिला की, सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. अन्नसुरक्षा कायद्यानं सोपवलेलं काम त्या करतात, मग ते हौसेचं कसं, असा त्यातला रोख. तेव्हापासून सरकारी वकिलांना ‘अर्धवेळ’ आणि ‘मानसेवी’ हे दोन शब्द जरा जपून उच्चारावे लागत असतील.

आणि इथंच सरकारनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. केंद्र कधी उघडलं, पोरं किती आली, वजन-उंची केव्हा घेतली, गृहभेट कुणाच्या घरी झाली, पाकीट कुणाच्या चेहऱ्यावर दिलं, सगळं त्या ॲपमध्ये रोजच्या रोज चढतं. कामचुकार बाया पकडायला उभारलेली ही यंत्रणा. एवढा चोख हजेरीपट खुद्द मंत्रालयातल्या साहेबांचाही नसेल. सेविकांच्या संघटनांनी मोबाइल परत करायची घाई पुन्हा करू नये. पुढच्या तारखेला वकिलांनी त्या सर्व्हरवरच्या नोंदी रीतसर मागवाव्यात. छपाईचा खर्च सरकारनंच करावा.